पास्टर आले तर खिडकी रिकामी

स्टेनडाल, नॉर्थ डकोटा
डिसेंबरचा पहिला शुक्रवार

सोल्विगताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा डावा गुडघा, उजवा खांदा आणि तो नवा बसवलेला दात, तिघंही खुशाल असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे. (हे वाक्य आपल्या घरातल्या प्रत्येक पत्रात असतं. बाबांनी शेवटचं पत्र इस्पितळातून लिहिलं, त्यातही होतं.) तू ॲरिझोनाहून पाठवलेली ग्रेपफ्रूटची पेटी सोमवारी पोचली. पोस्टमनने ती दाराबाहेर ठेवली आणि मी दार उघडलं दुपारी, तोवर उणे वीसमध्ये त्या फळांनी खिळे ठोकता आले असते. आता नरम पडली आहेत, गोड आहेत, आभारी आहे. हवा बरी आहे. म्हणजे वाईट आहे, पण याहून वाईट असू शकली असती.

इथेच पत्र संपवावं असं फार मनात होतं. पण परवा फोनवर तू विचारलंस, यंदा लेफ्सेचा दिवस कसा झाला, आणि मी "बरा झाला" म्हणून घाईघाईने ग्रेपफ्रूटकडे वळलो. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ताई, बरा झाला नाही. मी काय केलं ते या गावात कोणाला ठाऊक नाही आणि एकट्याला ते आता पेलवत नाही. वाचताना एक कर. आर्विड टॉलेफ्सरूड, चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर, हे डोळ्यांपुढून पुसून टाक. त्याऐवजी तुझा तो शेंबडा भाऊ आण, ज्याने शाळेची काच फोडली आणि बाबा येताना दिसल्यावर चेंडू कुत्र्याच्या तोंडात नेऊन ठेवला.

तू बारा वर्षांत इकडे हिवाळ्यात फिरकली नाहीस, म्हणून थोडी उजळणी. नोव्हेंबरच्या मधल्या शनिवारी चर्चच्या तळघरात बायका जमतात, प्रत्येक जण आपापला विजेचा तवा, आपलं खाचांचं लाटणं आणि उलटायची लांब पट्टी घेऊन, आणि डिसेंबरच्या मोठ्या जेवणासाठी उकडलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांसारख्या दोन हजार लेफ्से लाटल्या-भाजल्या जातात. (जेवणात तो जेलीसारखा थरथरणारा मासाही असतो, पण लोक येतात ते लेफ्सेसाठी. मासा हा धर्माचा भाग आहे.) माझी बायको मार्लिस गेल्यापासून तीन वर्षं बायकांनी दया येऊन मला बटाटे सोलायला बसवलं होतं. यंदा मला वाटलं, आपल्याला बढती मिळायला हरकत नाही.

आता त्या तळघराची वीज. सत्तावन्न सालचं काम, कोटांच्या खुंट्यांमागे जुना फ्यूजबोर्ड, प्रत्येक फ्यूज पंधरा अँपिअरचा. आणि कोणता तवा कुठे लावायचा याचा एक कागद फ्रिजवर चिकटवलेला. चर्चमध्ये तुझ्या बाकावर बसणाऱ्या बोर्गहिल्डने तो पन्नास वर्षांपूर्वी पिठाच्या पिशवीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला आणि त्याच्यावर तेव्हापासूनचं लोणी आहे. उत्तरेची भिंत: वर मी, खाली लव्हॉन. पियानोमागे: एकच. कॉफी तापत असेल तर मोरीजवळ नको. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित: पास्टर आले तर खिडकी रिकामी.

हा कागद वाचून मी हसलो, ताई. मोठ्यांदा हसलो. एका प्लगवर दोन तवे म्हणजे काय? आणि पास्टरांच्या येण्याजाण्याचा विजेशी काय संबंध, वीज काय त्यांना बघून लाजते? मी तो कागद काढला आणि घरी टंकून आणलेला माझा तक्ता लावला. त्यात प्रत्येक प्लगला क्रमांक होता. बोर्गहिल्ड बटाट्याचं पीठ मळत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "हं. असंही करतात म्हणायचं." (तू विसरली नसशील, आपल्या गावात हे वाक्य म्हणजे दुसरीकडच्या दोन चपराका. पण मी त्या दिवशी बहिरा होतो.)

वर मी भाषणही केलं. कोणी मागितलं नव्हतं. मी म्हणालो, बायांनो, आपल्या जेवणाची रांग डोळ्यांसमोर आणा. बाहेर थंडीत तीनशे भुकेली माणसं उभी आहेत आणि आतून लोण्याचा वास येतोय. मागून जो रेटा बसतो तो व्होल्टेज. दारातून मिनिटाला जेवढी माणसं आत येतात तो करंट. आणि दारात उभे राहून प्रत्येकाचा हात धरून त्याच्या गाईंची चौकशी करणारे आपले पास्टर एरिक, ते रेझिस्टन्स. रेटा वाढला की माणसं जास्त आत येतात, पास्टर जास्त बोलले की कमी. आणि जाड कोट घालून त्या दारात चेंगरताना माणसं जी तापतात, तसल्या तापण्यावरच तुमचा तवा चालतो. लव्हॉनने विचारलं, "आणि सर, पास्टरांना कोणी उचलून बाजूलाच ठेवलं तर?" मी म्हणालो, "तर सगळे एकदम आत पडतील. त्याला शॉर्ट सर्किट म्हणतात." खूप हसल्या. मला चौतीस वर्षांत वर्गात एवढं हसू मिळालं नव्हतं आणि तेच बहुतेक डोक्यात गेलं. मी पुढे सांगितलं की फ्यूज म्हणजे रांगेतली सर्वांत नाजूक प्रकृतीची बाई, गर्दी प्रमाणाबाहेर गेली की आधी ती भोवळ येऊन पडते, रांग थांबते, आणि दार वाचतं. म्हणून तिच्यावर कधी चिडू नये. हे मी सांगितलं, ताई. सकाळी साडेसात वाजता, माझ्या तोंडाने.

मग हिशेब. तवा चौदाशे वॅटचा, वीज एकशेवीस व्होल्टची, म्हणजे एका तव्याला बाराच्या आसपास अँपिअर. दोन तवे चोवीस, फ्यूज पंधराचा. तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर वर एक आणि खाली एक हे शक्यच नाही, असं मी फळ्यावर सिद्ध केलं. जे शक्य नाही ते पन्नास वर्षं बिनबोभाट कसं चाललं, हा प्रश्न मला पडला नाही. (त्या प्लगचा वरचा भाग एका फ्यूजवर आहे आणि खालचा दुसऱ्या. कोणीतरी शहाण्या माणसाने सत्तावन्न सालीच तसं जोडलं होतं. एक पेचकस आणि दोन मिनिटं लागली असती बघायला. मुलांना मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो: आधी मोजा, मग बोला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!)

तर बोर्गहिल्डचा तवा मी तिथून उठवला. पहिल्यांदा तिला नेलं मुलांच्या रविवारच्या वर्गात, नाताळच्या दिव्यांची ती बारीक तपकिरी वायर जोडून. तासभर ती लाटत राहिली आणि तिच्या लेफ्से तव्यावरून रुमालासारख्या पांढऱ्या उतरत राहिल्या. बारीक आणि लांब वायरीचा स्वतःचाच रेझिस्टन्स एवढा की रेटा वाटेतच खर्ची पडत होता. तवा कोमट, वायर गरम. मी वायरीला हात लावला आणि तिचं भेंडोळं केलं. या गावात ज्या बाईच्या लेफ्सेवर नाण्याएवढे सोनेरी ठिपके बघायला लोक वाकतात, तिच्यासमोर पांढऱ्या चकत्यांची चळत होती. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "कुत्र्याला चालतील." मग मी तिला खिडकीच्या प्लगवर बसवलं.

खिडकीपाशी छान चाललं. नऊपर्यंत. नऊ वाजता पास्टर एरिक आले, बाहेरच्या खांबावर गाडीचं इंजिन गरम ठेवायची वायर लावली, जशी इथं प्रत्येक जण लावतो, आणि आत येऊन कॉफी मागितली. दहा मिनिटांनी खिडकीचा फ्यूज गेला. मी नवा बसवला. गेला. सेफ्टीपिनांच्या डब्यात आणखी दोन होते, तेही गेले. तो बाहेरचा खांब आणि ती खिडकी एकाच फ्यूजवर आहेत, ताई. तव्याचे बारा, पास्टरांच्या इंजिनाचे पाच, सतरा झाले. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित. पण तो कागद मी घडी करून माझ्या खिशात ठेवला होता आणि बारा बायका लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. फ्यूज मिळण्याचं दुकान अठ्ठावीस मैलांवर. बोर्गहिल्ड म्हणाली, "मी आपली परत माझ्या भिंतीवर जाऊ का?" एवढं "जा" म्हणालो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता जे लिहितो ते मोठ्याने वाचू नकोस. खिशात हात घातला तर कागदाशेजारी एक पेनी होती. जुनी, तांब्याची. मी ती फ्यूजच्या खोबणीत टाकली आणि उडालेला फ्यूज तिच्यावर पिळून बसवला. लगेच वीज आली. टाळ्या पडल्या. तुला ठाऊक आहे, दरवर्षी ऑक्टोबरात मी वर्गाला पेनीची गोष्ट सांगायचो. भोवळ येऊन पडणाऱ्या बाईच्या जागी बैल उभा केला तर बैल पडत नाही, दार पडतं. म्हणजे पेनी वितळत नाही, मग भिंतीतली वायर फ्यूजचं काम करू लागते, आणि भिंत लाकडाची असते. चौतीस वर्षं ही गोष्ट सांगून मी मुलांचे डोळे मोठे केले आणि एकाहत्तराव्या वर्षी तीच गोष्ट चर्चमध्ये करून दाखवली.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण खिडकीचा प्लग आता कशालाच कुरकुरत नाही हे बघून मी तिथेच लव्हॉनचा तवाही लावला आणि मोठं कॉफीचं पिंपही. बारा, बारा, बारा आणि पाच. पंधराच्या वायरीतून एकेचाळीस. करंट पावणेतीनपट झाला की उष्णता साडेसातपट होते. (हा आकडा मी नंतर घरी बसून काढला. तो आधी काढायचा असतो.) अकराच्या सुमारास रबर जळल्याचा वास आला. भिंतीवर मागच्या सगळ्या पास्टरांचे फोटो ओळीने आहेत ना, त्यातल्या एकोणीसशे एकतीसच्या पास्टरांमागे रंगाला फोड आले आणि त्यांचा चेहरा हळूहळू तपकिरी व्हायला लागला. सर्वांत आधी हलली ती बोर्गहिल्ड. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिने हातात कापड घेऊन तिन्ही प्लग सटासट ओढले. मी धावलो आणि मेन स्विच पाडला आणि कोणाच्या नजरेस पडायच्या आत पेनी बोटांनी उपटून काढली. ती एवढी तापलेली होती की अंगठ्यावर गोल फोड आला. सगळ्यांना सांगितलं, तव्याचा चटका.

अग्निशमनवाले आले. म्हणजे ड्वाइट आला, माझाच विद्यार्थी, विज्ञानात कसाबसा पास. त्याने भिंत हाताने चाचपली, फोटो उतरवला, उत्तरेकडचा प्लगही उघडून पाहिला आणि अगदी आदराने विचारलं, "कशानं झालं असेल, सर?" आणि मग हसत, "पेनी तर नव्हती ना?" सगळे हसले, कारण तिथे निम्मे लोक माझ्या वर्गातून गेलेले. मीही हसलो. ताई, सर्वांत जोरात मी हसलो. आणि मग माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं की जुने तवे असले की असंच व्हायचं, आता बोर्गहिल्डचाच बघा, अडुसष्ट सालचा, कापडी वेष्टणाची वायर, कुठेतरी आत चिकटलं असणार.

कुत्रं जवळपास नव्हतं ना.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मग तिने तव्याची वायर गुंडाळली, तवा उशीच्या जुन्या खोळीत घातला, खोळीचं तोंड बांधलं आणि "बरं" म्हणून जिना चढून गेली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ती लेफ्से संपायच्या आधी घरी गेली. दोन हजारांपैकी सहाशे झाल्या होत्या. त्यानंतर ती चर्चच्या कोणत्याही कामाला आलेली नाही. लव्हॉन परवा दुकानात सांगत होती की वय झालं बिचारीचं, तव्याकडे लक्ष राहिलं नाही. मी तिथे उभा होतो, हातात अंडी घेऊन. अंड्यांचा भाव विचारला आणि बाहेर आलो.

आता माझी दशा ऐक. रविवारी कोणाशी नजरानजर नको म्हणून मागच्या बाकावर बसायला गेलो, तर आपल्याकडे मागचे बाक केव्हाच भरतात. तोंड लपवायला गेलेला माणूस शेवटी पहिल्या बाकावर एकटा, अख्ख्या गावाच्या समोर. रस्त्यात तिची निळी गाडी दिसली की मी बँकेत शिरतो. बँकेतल्या मुलीला वाटतं मी लुटायच्या विचारात आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे, मार्लिस गेल्यापासून दर गुरुवारी बोर्गहिल्ड माझ्या पायरीवर हॉटडिशचं भांडं ठेवून जाते, ते अजूनही येतंय. त्या घटनेनंतरच्या गुरुवारी आलं. पुढच्या गुरुवारी आलं. कालही आलं. मांस, बटाटे, वर कुरकुरीत, गरम राहावं म्हणून गोधडीच्या कापडाच्या पिशवीत. भांड्याच्या बुडाला तिच्या नावाची पट्टी. भांडं परत नेऊन द्यायचं असतं, रिकामं झाल्यावर. तिन्ही रिकामी झाली आहेत, हे कबूल करताना आणखी लाज वाटते, पण झाली आहेत. ओट्यावर ओळीने बसली आहेत आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता पाणी पितो.

असो. तुझ्या बागेतल्या निवडुंगाला फूल आलं का ते कळव. गुडघ्याला जप.

तुझा,
आर्विड

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. शनिवारी, तेराव्या तारखेला, ते मोठं जेवण आहे. सकाळी उरलेल्या चौदाशे लेफ्से करायच्या, सगळे येणार, आणि सगळे पुन्हा म्हणणार, बिचारी बोर्गहिल्ड. मला ते ऐकवणार नाही. तर तू पास्टरांना एक फोन कर की तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तेरा तारखेला ठरलं आहे आणि आर्विडशिवाय तुला कोणी नाही. गुडघा तुझाच आहे आणि तो दुखतोच, त्यामुळे खोटं असं फारसं बोलावं लागणार नाही. फक्त तारीख.

ता. क. दुसरा, शनिवार दुपार. फोन करू नकोस. वरचं वाचून लगेच केला असलास तर परत कर आणि गुडघा बरा झाला म्हणून सांग. काल पाकीट चिकटवलं पण घरात तिकीट नव्हतं, म्हणून पत्र पडून राहिलं. आज सकाळी वाटलं, निदान पिशव्या तरी धुऊन ठेवाव्या. तिन्ही पिशव्यांना बाहेरून काट्याचमच्यासाठी कप्पा असतो. पहिल्या गुरुवारच्या पिशवीच्या कप्प्यात काहीतरी टणक लागलं. नवा कोरा फ्यूज, पंधराचा. बरोबर चिठ्ठी: "तांब्याचं काढून हा बसव. बो." सोळा दिवस तो माझ्या ओट्यावर होता, ताई.

तिन्ही भांडी घेऊन गेलो. तिने दार उघडलं, भांडी घेतली, कॉफी घेशील का विचारलं. मी नको म्हटलं. थोडी? नको, उगाच त्रास. केलेलीच आहे. मग अर्धा कप, म्हटलं, आणि आत बसलो, आणि कप हातात घ्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझा अंगठा बघितला होता मी. आमच्या वडिलांच्या अंगठ्याला असाच गोल फोड होता. त्या रात्री आमचा गोठा गेला." मी विचारलं, मग तेव्हाच सगळ्यांसमोर का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुझी शिकवलेली पोरं उभी होती तिथे. मला वाटलं, गुरुवारपर्यंत येशील." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "मग वाटलं, पुढच्या."

मला रडू आलं. तिने बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. मी माफी मागितली तर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, आर्विड? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग." तवा दाराशीच होता, अजून त्याच खोळीत. तेराव्या तारखेला ती तो घेऊन येणार आहे. पण खोळ माझं बोलून झाल्यावर सोडणार. ड्वाइटला तिने आधीच बोलावून ठेवलं आहे.

ता. क. शेवटचा. निघताना मी खिशातला तिचा जुना कागद परत दिला. तिने तो उलगडला, चष्मा लावला आणि पेन्सिलीने थोडी सुधारणा करून माझ्याच हाती दिला, फ्रिजवर लावायला. तुझ्यासाठी उतरवून पाठवतो:

उत्तरेची भिंत: वर मी, खाली सोल्विग.
पियानोमागे: लव्हॉन.
कॉफी तापत असेल तर मोरीजवळ नको.
पास्टर आले तर खिडकी रिकामी.
आर्विड: बटाटे. त्याआधी दोन मिनिटं बोलणं.

तुझ्या नावापुढे मी "आली तर" लिहायला सांगितलं होतं. तिने लिहिलं नाही. ताई, विमानाचं तिकीट काढ. दोन मिनिटं फार असतात.